स्टेरॉईडचं इंजेक्शन लगेच लागू का पडत नाही?

प्रश्न : वडील गुऱ्हाळावर चुलवाणापाशी काम करतात. गेल्या आठवड्यात दमा उठला. नेब्युलायझरनं दहा मिनिटांत बरं वाटलं, पण स्टेरॉईडचं इंजेक्शन देऊनही रात्रभर ठेवून घेतलं. आता पाच दिवस प्रेडनिसोलोन ही स्टेरॉईडची गोळी ४० मिलिग्रॅम चालू आहे आणि साखर वाढलीय. तालमीतली काही पोरं घेतात ते हेच का?
– एक वाचक, कागल

उत्तर : नेब्युलायझरमधलं साल्ब्युटामॉल स्नायूपेशीला बाहेरूनच चिकटतं आणि आवळलेली श्वासनलिका मिनिटांत सैल होते. स्टेरॉईड स्निग्ध असल्यामुळं पेशीच्या पटलातून सरळ आत शिरतं. आत त्याचा रिसेप्टर, म्हणजे ते ज्याला चिकटतं ते प्रथिन, दुसऱ्या प्रथिनांनी धरून ठेवलेला असतो. स्टेरॉईड चिकटलं की तो सुटतो, केंद्रकात जातो, सूज वाढवणारी जनुकं दाबतो आणि काही वेगळी जनुकं सुरू करतो. पण आधीच बनलेली सुजेची प्रथिनं संपायला आणि नवी तयार व्हायला चार-सहा तास जातात. शिरेतून दिलं तरी हा वेळ फारसा वाचत नाही, म्हणून गिळता येत असेल तर गोळीही तितकीच चालते.

साखरेचंही तसंच. यकृतात साखर बनवणारी जनुकं याच वाटेनं जागी होतात. गोळी सकाळी नाष्ट्यानंतर घेतली तर साखर दुपारनंतर चढते. उपाशीपोटीची नॉर्मल येऊन फसवते, तेव्हा दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी तपासा.

पाच दिवसांचा कोर्स संपला की गोळी एकदम थांबवता येते. तीन आठवड्यांहून जास्त चालली तर मात्र नाही. असंच स्टेरॉईड मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क (अॅड्रिनल) ग्रंथी मेंदूच्या हुकुमावरून रोज बनवतात. शरीराची रोजची गरज प्रेडनिसोलोनच्या हिशेबात साधारण ५ मिलिग्रॅम. त्याच्या आठपट बाहेरून मिळत राहिलं की मेंदूकडून येणारा हुकूम बंद पडतो आणि या ग्रंथी आक्रसतात. अचानक सोडल्यास उलट्या होतात, बीपी कोसळतो. डोस डॉक्टरांच्या सांगण्यानुसार टप्प्याटप्प्यानं उतरवावा.

तालमीतलं औषध वेगळं, टेस्टोस्टेरॉनच्या जातीचं. सांगाडा तोच, चार कड्यांचा. पण रिसेप्टर दुसरा, म्हणून जनुकंही दुसरी. ते स्नायू वाढवतं, प्रेडनिसोलोन जास्त दिवस घेतलं तर स्नायू झिजवतं. हुकूम बंद पडण्याचा प्रकार मात्र तिथंही आहे : अंडकोष आक्रसतात, शुक्राणू घटतात. दंड फुगलेला चारचौघांत दिसतो, हे कुणाला दिसत नाही. सोडल्यावर शुक्राणू पूर्ववत व्हायला कित्येक महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त.