टाय रॉड एंड घरी बदलताना

प्रश्न : माझी हॅचबॅक रोज केज–अंबाजोगाई चालते. खड्ड्यात पुढून खटखट येते, स्टेअरिंगही सैल लागतं. टाय रॉड एंड गेलाय असं मेकॅनिक म्हणतो. घरी बदलता येईल का? (एक वाचक, केज, जि. बीड)

उत्तर : टाय रॉड एंड म्हणजे स्टेअरिंगचा रॅक (स्टेअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे सरकणारा दांडा) आणि चाक यांना जोडणाऱ्या रॉडच्या टोकाचा बॉल जॉइंट. चाकाकडचा, म्हणजे बाहेरचा एंड घरी बदलता येतो. आधी दुखणं तिथलंच आहे ना, ते पाहा. पुढचं चाक उचला आणि गाडी जॅक स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नका. घड्याळातल्या ९ आणि ३ च्या जागी चाक धरून हलवा, दुसऱ्याला जॉइंटवर बोट ठेवायला सांगा. खेळ (सैलपणा) असला तर बोटाला लगेच कळतो. १२ आणि ६ च्या जागी धरल्यावर चाक हललं तर खालचा बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग तपासा. रॅकच्या रबरी बूटआड खेळ लागला तर तो आतला रॅक एंड. त्याला वेगळा पाना लागतो, ते काम गॅरेजलाच द्या.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा, मागच्या चाकांना दगड लावा. गाडी पुन्हा स्टँडवर घेऊन चाक काढल्यावर आट्यांना गंज सोडवणारा स्प्रे मारून थोडा वेळ थांबा. मग रॉडवरचा चेक नट (एंडला जागी पक्का धरणारा नट) फक्त पाव फेरा सोडा. स्टडच्या (एंडच्या आटे असलेल्या खुंट्याच्या) मध्यापासून चेक नटपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. नट फिरू नये म्हणून घातलेली स्प्लिट पिन काढा आणि स्टडवरचा नट सैल करा, पण पूर्ण काढू नका. दोन-तीन आटे राहू द्या, म्हणजे जॉइंट सुटताना उडणार नाही. पुलर (जॉइंट ओढून सोडवणारं हत्यार) लावा. पुलर नसेल तर स्टेअरिंग नकलच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) ज्या डोळ्यात, म्हणजे छिद्रात, स्टड बसतो त्याच्या बाजूवर हातोड्याचे दणके द्या. स्टडच्या टोकावर हाणलंत तर आटे जातात आणि नट अडकून बसतो.

जुना एंड फिरवून काढताना फेरे मोजा आणि नवा तितकेच फेरे बसवा. आट्यांचा पिच (एका फेऱ्यात सरकणारं अंतर) साधारण सव्वा ते दीड मिलिमीटर असतो आणि रिमवर तो फरक दुप्पट-तिप्पट होतो. बहुतेक गाड्यांचा टो (चाकांची पुढची बाजू आत-बाहेर किती वळलेली आहे ते) दोन-तीन मिलिमीटरच्या आतच ठेवायचा असतो, त्यामुळे एक फेरा चुकला तरी टायर एका कडेने झिजतो. नव्या एंडची लांबी कधी थोडी वेगळी निघते, म्हणून लिहून ठेवलेलं अंतरही जुळवा.

स्टडचा निमुळता भाग पुसून कोरडाच बसवा, ग्रीस नको. नटबरोबर स्टडही फिरायला लागला तर जॉइंटला छोट्या जॅकने डोळ्यात दाबून धरा. नट मॅन्युअलमधल्या टॉर्कवर (आवळण्याच्या जोरावर) आवळा. पिनचं छिद्र जुळलं नाही तर नट आणखी थोडा आवळा, मागे कधीच फिरवू नका. पिन नवीनच घाला. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) असेल तर तोही नवा. शेवटी चेक नट आवळा आणि गाडी सावकाश थेट व्हील अलाइनमेंटला (चाकांची दिशा मोजून जुळवायला) न्या. फेरे नीट मोजले म्हणून अलाइनमेंट टळत नाही.

प्रश्न : एका बाजूचा एंड बदलला. आता गाडी सरळ जाते, पण स्टेअरिंग तिरकं राहतं. (वाचक, औसा, जि. लातूर)

उत्तर : दोन्ही रॉडची लांबी जुळलेली नाही. अलाइनमेंटवाल्याला स्टेअरिंग सरळ धरून लॉक करायला आणि मग दोन्ही बाजू जुळवायला सांगा. स्टेअरिंग व्हील काढून सरळ बसवायचा शॉर्टकट नको. त्यात एअरबॅग असते.

प्रश्न : टाय रॉड एंडवरचा रबरी बूट फाटलाय, खेळ नाही. नुसता बूट बदलू का? (वाचक, परळी)

उत्तर : फाटल्याचं लगेच लक्षात आलं असेल तर जुनं ग्रीस पुसून नवं भरा आणि बूट घाला. काळ्या मातीचा चिखल किंवा ऊस वाहतुकीच्या रस्त्यावरची धूळ आत गेली असेल तर अख्खा एंडच बदला. ग्रीसमध्ये मिसळलेली कचकच बॉल घासून काढते आणि ती पुसून पूर्ण निघत नाही.