‘नोइ बुओन’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: बाओ निन्ह यांच्या ‘नोइ बुओन चिएन त्रान्ह’ या व्हिएतनामी कादंबरीच्या नावाचं मराठी काय करावं? विचारणाऱ्यांनी तीन पर्याय दिले आहेत, ‘रणविषाद’, ‘युद्धशोक’ आणि ‘युद्धाचं दुःख’. तिसरा फार साधा वाटतो, अशी त्यांची शंका आहे.

मला तिसराच बरोबर वाटतो, आणि तो साधा आहे म्हणूनच.

‘चिएन त्रान्ह’ म्हणजे युद्ध, त्यात अडचण नाही. खरी गंमत आधीच्या दोन शब्दांत आहे. व्हिएतनामीत भावनेचं नाम करायचं तर तिच्याआधी एक छोटा शब्द लावतात. आनंद, विश्वास अशा भावनांना ‘निएम’ लागतो, तर दुःख, वेदना, भीती यांना ‘नोइ’. म्हणजे ‘नोइ’ ऐकताक्षणी, पुढचा शब्द यायच्या आधीच, ऐकणाऱ्याला कळतं की आता काहीतरी जड येणार. ही सोय मराठीत नाही.

आणि पुढे येतो तो ‘बुओन’. हा अगदी घरगुती शब्द. झोप आली तर ‘बुओन’ला झोपेचा शब्द जोडतात, मळमळलं तरी ‘बुओन’, इतकंच काय, एखादी गोष्ट हसू येण्यासारखी असेल तरी ‘बुओन’च्या पुढे हसण्याचा शब्द लावतात. आतून काहीतरी दाटून येणं हा त्याचा गाभा असावा असं मला वाटतं. पावसाळी दुपारी घरात कुणी नसलं की व्हिएतनामी माणूस ‘बुओन’ म्हणतो, तिथे आपण म्हणतो, करमत नाही. आजोबा गेल्यावर माझी आजी ‘मला दुःख झालंय’ असं कधी म्हणाली नाही. दिवेलागणीला ओसरीवर बसायची आणि म्हणायची, ‘करमत नाही गं.’ ‘बुओन’ची पोच त्या ‘करमत नाही’पासून थेट दुःखापर्यंत आहे. यातनेसाठी, आक्रोशासाठी व्हिएतनामीत याहून जड शब्द आहेत. लेखकाने ते घेतले नाहीत. 

म्हणून ‘विषाद’ नको. मराठी वाचकाला ‘विषाद’ म्हटलं की गीतेचा पहिला अध्याय आठवणार, अर्जुनविषादयोग. पण अर्जुनाचा विषाद युद्धाच्या आधीचा आहे आणि तो लढायला उभा राहावा म्हणून दूर केला जातो. या कादंबरीचा नायक किएन अमेरिकेविरुद्धच्या युद्धात दहा वर्षं लढून आला आहे. त्याचं मन युद्ध संपल्यावर खचतं, आणि त्याला ऊठ म्हणणारं कुणी नाही. महाभारतातच जवळचं काही शोधायचं तर ते स्त्रीपर्वात सापडेल, जिथे बायका रणभूमीवर आपली माणसं ओळखत फिरतात.

‘शोक’ही नको. शोकाला समोर देह लागतो आणि त्याला मुदत असते. दहावा, तेरावा, गोडाचं जेवण, आणि माणसं कामाला लागतात. व्हिएतनाममध्ये मृत्यूच्या तिथीला दरवर्षी घरी जेवणाचं पान मांडायची रीत आहे. पण ज्यांचा मुलगा जंगलात कुठे, कोणत्या दिवशी गेला हेच कळलं नाही, त्यांनी तिथी कोणती धरायची? अशा बेपत्ता सैनिकांचा आकडा साधारण ३ लाख सांगितला जातो. कादंबरीची सुरुवातच तिथून होते. युद्ध संपल्यानंतरचा पहिला कोरडा ऋतू, मध्य व्हिएतनामचं पठार, मृत सैनिकांच्या अस्थी गोळा करणारी तुकडी, आणि झिल या सोव्हिएत बनावटीचा एक ट्रक. मागच्या हौद्यात अस्थी रचलेल्या, आणि आपण तान्ह्या बाळाला बांधतो तशी झोळी बांधून किएन त्याच हौद्यात झोपलेला. याला ‘शोक’ म्हणवत नाही.

हा साधा शब्द तिथे किती धाडसाचा होता, तेही पाहायला हवं. युद्धकाळातल्या कथांना शौर्य सांगायचं होतं. लेखिका ले मिन्ह खुए स्वतः कोवळ्या वयात स्वयंसेविका म्हणून आघाडीवर गेल्या. त्यांच्या 1971च्या एका कथेत तीन मुली बॉम्बहल्ला थांबला की रस्त्यावर धावतात, खड्डा भरायला किती माती लागेल ते मोजतात, न फुटलेले बॉम्ब शोधून उडवतात. शेवटी अचानक गारा पडतात. मुली पोरींसारख्या हरखतात, आणि गारा थांबल्यावर त्यांतली एक एकदम गप्प होते, तिला आई आणि हनोईतलं घर आठवतं. दुःखाला तेव्हा एवढीच जागा होती, एका गारांच्या सरीएवढी. 1986 नंतर ‘दोई मोई’चं, म्हणजे सुधारणांचं, धोरण आलं आणि लेखकांना थोडा मोकळेपणा मिळाला. तरीही बाओ निन्ह यांची कादंबरी 1990 साली प्रथम छापली गेली ती ‘थान फान कुआ तिन्ह येउ’ या नावाने. ‘प्रेमाच्या वाट्याला आलेले भोग’, असं त्याचं मराठी होईल. नावात युद्ध नव्हतंच. 1991 साली लेखक संघाचा पुरस्कार मिळाला आणि टीकाही खूप झाली.

षष्ठीबद्दलही एक सांगते. मूळ नावात दुःख आणि युद्ध हे शब्द नुसते शेजारी ठेवलेले आहेत. ‘युद्धामुळे झालेलं दुःख’ म्हटलं की अर्थ बांधला जातो. ‘युद्धाचं दुःख’ म्हटलं की तो मोकळा राहतो: युद्धाने दिलेलं, युद्धातलं, किंवा युद्धाचं स्वतःचंच.

अनुवाद करणाऱ्यांना एक विनंती. व्हिएतनामीत सैनिकाच्या मरणाला ‘हि सिन्ह’ म्हणतात, म्हणजे बलिदान, आणि साध्या मरणाला ‘चेत’. आपल्याकडे वीरमरण, हुतात्मा, धारातीर्थी पडणे, कामी येणे असे किती तरी तयार शब्द आहेत, आणि लिहिताना हात आपोआप तिकडे जातो. मूळात ‘चेत’ असेल तिथे कृपया ‘मेला’ लिहा. पानिपतची बातमी पेशव्यांना कळली ती मोती गळाले, मोहरा हरपल्या, चिल्लर खुर्द्याची गणती नाही, या भाषेत. दोनेकशे साठ वर्षं आपण हे वाक्य हळहळून म्हणतो, पण त्यातला चिल्लर खुर्दा म्हणजे कुणाकुणाची पोरं होती. बाओ निन्ह यांचं सगळं लिहिणं त्या खुर्द्याबद्दल आहे. 1969 मध्ये 27वी बटालियन नेपाम या आगलाव्या बॉम्बच्या आगीत जळाली, दहाच जण वाचले, आणि किएन त्या दहांतला एक. उरलेल्यांची नावं, पत्त्यांचे डाव, थट्टा, घरच्या आठवणी त्याला एकेक करून आठवत राहतात.

ती बटालियन जिथे संपली त्या जागेचं कादंबरीतलं नाव ‘त्रुओंग गोई होन’. इंग्रजीत ते ‘किंचाळणाऱ्या आत्म्यांचं जंगल’ झालं आहे, आणि इंग्रजीवरून मराठी केलं तर तेच येईल. पण ‘गोई’ म्हणजे किंचाळणं नव्हे, हाक मारणं, आणि ‘होन’ म्हणजे आत्मा. ज्यांना पाणी द्यायला कुणी नाही अशा भटक्या आत्म्यांना बोलावून जेवू घालायचा विधी तिथे चांद्र सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला असतो. तिथी माहीत नसलेल्यांचं आपण सर्वपित्रीला घालतो, त्याच्या जवळचा. न्गुयेन झू या थोर कवीची (1765–1820) या आत्म्यांना हाक घालणारी एक दीर्घ कविता आहे आणि तिच्यात सक्तीने फौजेत ओढलेले शिपाईही आहेत. त्या देशातल्या वाचकाला हे सगळं त्या एका नावात ऐकू येतं. म्हणून मी ‘आत्म्यांच्या हाकेचं रान’ असं करीन. इथेही षष्ठी कामाला येते: हाक त्यांनी मारलेली, की त्यांना मारलेली, हे तसंच उघडं राहतं.