गॅरामंड नुसता तिरका केला तर ते इटॅलिक होतं का? पत्रिकेत इंग्रजी नावं टाकायचीत

नाही होत. बहिणीच्या पत्रिकेत नावं गॅरामंड ह्या इंग्रजी फॉन्टच्या इटॅलिकमध्ये हवीत आणि साधा गॅरामंड आहेच, तर तोच वाकवू का असं तुम्ही विचारलंय, म्हणून सांगतो. मी सोलापुरात नवी पेठेत डीटीपी करतो, एकाच पत्रिकेत मराठी, कन्नड, तेलुगू आणि वर इंग्रजी हे आमच्याकडं रोजचंच.

स्मॉल 'ए' मोठा करून बघा की. साध्या गॅरामंडात त्याच्या डोक्यावर आकडा, म्हणजे वाकडा हुक, असतो, इटॅलिकमध्ये आकडा गायब, नुसतं एक पोट आणि शेजारी दांडी. 'एफ'ची शेपटी ओळीच्या खाली उतरते. इटॅलिकची फाइल टाकलेली नसली की वर्ड सरळ अक्षरच ढकलून तिरकं करतं, मग 'ए'वरचा आकडा तसाच राहतो, तिथंच चोरी पकडायची.

कारण इटॅलिक आलंय हातानं भरभर लिहिलेल्या अक्षरावरून. 1501 साली व्हेनिसमध्ये आल्डस मानुशियस ह्या छापखानेवाल्यानं लॅटिन कवी व्हर्जिलच्या कविता छोट्या आकारात छापल्या त्या ह्या अक्षरात, टाइप कोरला फ्रान्चेस्को ग्रिफोनं. तेव्हा कॅपिटल मात्र सरळच ठेवली होती, म्हणून माझं म्हणणं, अख्खं नाव कॅपिटल इटॅलिकमध्ये नको, गर्दीच्या एसटीत दांडा धरून लटकल्यासारखं दिसतं.

पत्रिकेत खरी मजा दोन नावांच्या मधल्या 'अँड'च्या चिन्हाची. ते मुळात लॅटिनमधल्या 'एट'ची, म्हणजे 'आणि'ची, दोन अक्षरं एकात गुंफलेली आहेत आणि गॅरामंड इटॅलिकमध्ये ती 'ई' आणि 'टी' चक्क ओळखू येतात, ते चिन्ह नावापेक्षा थोडं मोठं घ्या, लई देखणं दिसतं.

साइजचं मात्र जपा. एकदा मी 9 पॉइंटचं इटॅलिक सोनेरी फॉइलला दिलं, बारीक रेघा उडाल्या, 400 पत्रिका पदरच्या पैशानं परत काढल्या. फॉइल असेल तर 14च्या खाली मी जात नाही.

बाकी इटॅलिक पुस्तकांची नावं, जहाजांची नावं, शास्त्रीय नावं ह्यांना लागतं. कृषीची पोरं प्रोजेक्ट टाइप करायला आणतात त्यात ज्वारीचं 'सॉर्घम बायकलर' इटॅलिकमध्येच पाहिजे, पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल, दुसरा शब्द सगळा स्मॉल.

आणि हो, खालचा मराठी मजकूर तिरका करू नका. शिरोरेषा आडवीच राहते आणि काने तेवढे कलतात, घर खचल्यासारखं वाटतं. मराठीत ठसवायचं तर ठळक करा नाहीतर अवतरणात टाका.

फुकट पाहिजे असेल तर ईबी गॅरामंड उतरवून घ्या, त्यात खरं इटॅलिक आहे, फक्त इटॅलिकची वेगळी फाइल असते ती पण इन्स्टॉल करा, निम्मे लोक तीच विसरतात.