ताई, आता पैसे घ्यायला लागा

प्रश्न: तहसील कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून गेल्या मे अखेरीस निवृत्त झाले, वय 58. घरी जीव रमत नाही, काहीतरी नवीन सुरू करावंसं वाटतं. मुलगा-सुनेने हौसेने केकच्या क्लासला घातलंय, पुढे घरून ऑर्डरी घे म्हणतात. दोघं माझी फार काळजी घेतात. पण माझा हात बसत नाही. त्यात दुपारी गावाकडची माणसं सातबारा, फेरफार घेऊन येतात, त्यांना असंच काहीबाही लिहून देते, चहापाणी होतं आणि क्लासला उशीर होतो. या वयात नवीन शिकणं जमत नाही का? की दुसरा एखादा कोर्स करू?
– एक निवृत्त, सातारा जिल्हा

ताई,

केकचं राहू द्या. ‘काहीबाही लिहून देते’ हे वाचलं आणि मला तुमचा रागच आला.

वारस नोंदीचा अर्ज म्हणजे काहीबाही? मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं-वयं-पत्ते, स्वयंघोषणापत्र, 8अ म्हणजे जमिनीचा खातेउतारा. लग्न होऊन गेलेल्या बहिणीचं नाव ‘नंतर बघू’ म्हणून कुणी गाळलं, तर नोटिशीच्या 15 दिवसांत हरकत येते आणि साधी नोंद तक्रारीत जाते. मग चालू होतात हेलपाटे. तोवर सातबाऱ्यावर मेलेल्या माणसाचं नाव, आणि सोसायटी त्याच्या बायकोला पीककर्जासाठी दारात उभं करत नाही. हे सगळं टळतं ते तुमच्या घरापुढच्या ओट्यावर, तुम्ही ‘बहिणी किती?’ असं विचारता म्हणून.

डिजिटल सहीचा सातबारा हल्ली 15 रुपयांत ऑनलाइन निघतो. तरी माणसं तुमच्याकडे येतात, कारण तो हातात येऊनही वाचता येत नाही. थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ लिहिलंय, म्हणजे तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागलाय, एकट्याचा मालक म्हणून नव्हे, हे धाकट्याला कोण सांगणार? ‘इतर हक्क’ रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा तसाच आहे, कर्ज कधीच फिटलंय, हे कोण दाखवणार? अख्ख्या नोकरीत हे तुमच्या अंगात मुरलंय. याला दुसरा कोर्स लागत नाही.

तुम्हाला हे काम वाटत नाही, कारण त्याचे पैसे मिळत नाहीत. पैसे मागायला तुमची जीभ रेटत नाही. ओळखीचे लोक, गावचे, त्यात आपण बाईमाणूस! मला हे माहीत आहे, आपल्याकडच्या कितीतरी हुशार बायका याच संकोचात गेल्या. पण फुकट दिलेल्या वेळेला वेळ राहत नाही. माणूस दुपारी जेवणाच्या ताटावर येतो, अर्धे कागद घरी विसरतो, पुन्हा उद्या येतो, आणि चहाही तुम्हीच टाकता. शंभर रुपये मोजणारा आदल्या रात्री कागद लावून ठेवतो.

आणि मनातली खरी भीती तुम्ही लिहिली नाहीत, ती मी लिहिते: लोक एजंट म्हणतील. नाही म्हणणार, एक पथ्य पाळलंत तर. अर्ज लिहिण्याचे, कागद तपासण्याचे, समजावून सांगण्याचे पैसे घ्या. आत जाऊन काम करून देण्याचे घेऊ नका. जुन्या सहकाऱ्याला ‘एवढी फाईल बघ’ म्हणून फोनसुद्धा करू नका. अर्ज त्या माणसालाच द्यायला लावा, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नको म्हणून बजावा. तहसीलबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये बसून आयुष्यभर सचोटीने अर्ज लिहिणारी माणसं तुम्ही रोज येता-जाता पाहिली आहेत. त्यांना कुणी एजंट म्हणालं नाही.

तेव्हा सोमवारी पाटी लावा. वेळ 11 ते 2. अर्ज लिहिणे अमुक रुपये, कागद तपासणे तमुक रुपये; आकडे तुम्ही ठरवा, पण पाटीवर ठसठशीत लिहा, म्हणजे तोंडाने मागावं लागणार नाही. पावतीपुस्तक आणा. एखाद्या विधवेकडून घ्यायचे नसतील तर घेऊ नका, तो तुमचा अधिकार आहे. मात्र ‘राहू दे हो’ हे सरसकट सगळ्यांना म्हणणं बंद. पहिला माणूस ओळखीचाच निघेल, बहुतेक नात्यातला. त्याच्याकडून घ्या. तिथे ढिल्या पडलात तर पाटी आठवडाभरात उतरेल.

मुलगा-सुनेबद्दल दोन गोड ओळी लिहाव्यात अशी तुमची अपेक्षा असेल. मी लिहिणार नाही. काळजी घेणाऱ्यांनी आईला ओव्हनपुढे उभं करण्याआधी ओट्यावर कोण बसलंय ते एकदा बघायचं होतं. त्यांची परवानगी मागू नका, फक्त सांगा. क्लासची उरलेली फी बुडाली तर बुडू द्या.