आईच्या पाटल्या आणि शंभर वॅटचा जुना ट्यूब ॲम्प

भुसावळच्या एका वाचकांच्या पत्राला हे उत्तर आहे. त्यांचे वय २९ असून ते जळगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतात आणि महिन्याला ४६,००० रुपये हातात येतात. घरखर्च आणि ४,००० रुपयांची एसआयपी वजा जाता त्यांच्याकडे सुमारे १४,००० रुपये उरतात. वडिलांची रावेर तालुक्यात केळीची बाग आहे. चौघा मित्रांच्या मेटल बँडमध्ये ते गिटार वाजवतात आणि त्यातून प्रवासखर्च जाऊन वर्षाकाठी वीस हजारांच्या आसपास मिळतात. मुंबईतील एक वादक १९८० च्या दशकातला मार्शल कंपनीचा जेसीएम ८००, मॉडेल २२०३, हा गिटारचा ट्यूब ॲम्प, म्हणजे काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबांवर चालणारा आवाजवर्धक, चार स्पीकरांच्या कॅबिनेटसह २,८०,००० रुपयांना विकत आहेत. दोन लाखांची मुदत ठेव मोडून त्यातले १,३०,००० घालायचे आणि उरलेल्या दीड लाखासाठी आईच्या पाटल्यांवर सोनेतारण कर्ज काढायचे, असा त्यांचा बेत आहे. ‘या ॲम्पच्या किमती वाढतच चालल्या आहेत, त्यामुळे हा खर्च नसून गुंतवणूक आहे, हे माझे म्हणणे बरोबर आहे का?’ असे त्यांनी विचारले आहे.

माझे मत आधीच सांगतो. पाटल्या तारण ठेवून हा ॲम्प घेऊ नये आणि गुंतवणूक समजून तर मुळीच घेऊ नये. वाद्य म्हणून, स्वतःच्या बचतीतून, पुढे घ्यायला माझी हरकत नाही.

या ॲम्पची तुम्हाला असलेली ओढ मी पोरकट मानत नाही. ही मालिका १९८१ मध्ये बाजारात आली. स्पीकरला ताकद पुरवणाऱ्या पॉवर विभागात चार ईएल ३४ आणि गिटारचा क्षीण सिग्नल आधी वाढवणाऱ्या प्रीॲम्पमध्ये तीन ईसीसी ८३ अशा ट्यूबांचा हा १०० वॅटचा ॲम्प त्या दशकातल्या हेवी मेटल आणि थ्रॅश या त्याच्या वेगवान प्रकाराच्या मंचांवर सर्रास दिसे. स्लेयर या थ्रॅश बँडचे गिटारवादक केरी किंग यांचे नाव तर त्याच्याशी कायमचे जोडले गेले आहे. इनपुटला ओव्हरड्राइव्ह पेडल जोडून पुढच्या ट्यूबांना जोर दिला, म्हणजे तळहाताची कड तारांवर टेकवून मारलेला ठोका जसा घट्ट आणि धारदार निघतो, तसा तो तुम्हाला हवा आहे, हे तुमच्या पत्रातल्या बारकाव्यांवरून कळते. त्यासाठी पैसे साठवणे मला योग्यच वाटते.

मात्र तुमच्याच पत्रातली एक ओळ तुमच्या गुंतवणुकीच्या म्हणण्याला छेद देते. विक्रेत्यांनी तुम्हाला असे सांगितले आहे की नव्वदच्या दशकात एका तंत्रज्ञाने चेसिसला (आतल्या धातूच्या सांगाड्याला) भोक पाडून त्यात आणखी एक ट्यूब बसवली, त्यामुळे गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याचे प्रमाण, वाढला, आणि नंतर केव्हातरी ट्यूबांचा सिग्नल स्पीकरला पोहोचवणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मरही बदलला; म्हणून हा ॲम्प ‘दुर्मिळ’ आहे. मेटल वाजवणाऱ्याला असा बदल कदाचित सोयीचा वाटेल. परंतु जुन्या ॲम्पला संग्राहक जी किंमत देतात, ती मूळ ट्रान्सफॉर्मर, मूळ सोल्डर आणि न छेडलेल्या चेसिससाठी देतात. पाडलेले भोक बुजत नाही आणि काढून टाकलेला ट्रान्सफॉर्मर सहसा परत मिळत नाही. म्हणजे विक्रेते संग्राहकाचा भाव मागत आहेत आणि देत आहेत वादकाची वस्तू. शिवाय जेसीएम ८०० हा मोजक्या संख्येने बनलेला ॲम्पही नव्हे. १९९० मध्ये जेसीएम ९०० येईपर्यंत तो कारखान्यात भरपूर बनला आणि जगभर विकला गेला, त्यामुळे ही संधी हुकली म्हणजे सारे संपले असे समजण्याचे कारण नाही.

आता हिशेब पाहू. हेच २,८०,००० रुपये दुसरीकडे गुंतवून वर्षाला ७ टक्क्यांनी वाढले, तर दहा वर्षांत त्यांचे साधारण साडेपाच लाख होतात. जुन्या ॲम्पच्या देखभालीसाठी मी वर्षाला १०,००० रुपये धरतो आणि हे पैसेही त्याच दराने वाढले असते असे मानतो; मग एकूण आकडा ६ लाख ९० हजारांच्या घरात जातो. दहा वर्षे वाजवून, टेम्पोत चढवून-उतरवून झालेला आणि मुळात बदल केलेला हा ॲम्प तेवढ्याला विकला जाईल, असे मानायला मला कोणताही आधार दिसत नाही. करापुरते सांगायचे, तर वैयक्तिक वापराची जंगम वस्तू भांडवली मालमत्तेत धरली जात नाही (दागिने, चित्रे, शिल्पे हे त्याला अपवाद आहेत), त्यामुळे विक्रीत नफा झाला तर सामान्यतः कर लागत नाही, पण तोटा झाला तर तो कोणत्याही नफ्यातून वजा करता येत नाही.

देखभालीचा हा आकडा मी भीती घालण्यासाठी धरलेला नाही. पॉवर ट्यूब झिजतात, त्या जुळवलेल्या संचात बदलाव्या लागतात आणि दर वेळी बायस, म्हणजे ट्यूबमधून वाहणाऱ्या मूळ प्रवाहाची जुळणी, तपासून घ्यावा लागतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वीस-तीस वर्षांत कोरडे पडतात; या ॲम्पचे वय त्याहून जास्त आहे आणि ते बदलल्याचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही. ट्यूब बनवणारे कारखानेही आता जगात थोडेच उरले आहेत, मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये. २०२२ मध्ये रशियाने निर्यात रोखली, तेव्हा टंचाई होऊन भाव चढले होते. त्यात आपल्याकडचा उन्हाळा आहे. भुसावळात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या आसपास असताना पत्र्याच्या गोदामात, जिथे तुमचा सराव चालतो, तिथे आधीच तापलेल्या हवेत या ट्यूब स्वतःची उष्णता सोडणार. आणि वीज जाऊन-येऊन दाब वरखाली होत असेल, तर चांगला स्टॅबिलायझर घेणे भागच आहे. तो खर्च तुमच्या हिशेबात कुठेही नाही.

सर्वांत जास्त काळजी मला पाटल्यांची वाटते. दीड लाखाचे सोनेतारण कर्ज ११ टक्क्यांनी एका वर्षासाठी घेतले, तर अखेरीस १,६६,५०० रुपये फेडावे लागतील, आणि पगारातून होणारी तुमची वर्षभराची सगळी बचत १,६८,००० आहे. म्हणजे बारा महिन्यांत एकदाही दवाखाना, गाडीची दुरुस्ती किंवा लग्नाचा आहेर निघता कामा नये. तुम्ही लिहिता की आईने स्वतःहून ‘ठेव गहाण, काही होत नाही’ असे सांगितले. त्या माउलीच्या मनाबद्दल मला आदर आहे. पण केळी उत्पादकाच्या घरात सोने हे केवळ दागिने नसतात, हे रावेर-यावल पट्ट्यात कोणीही सांगेल. मे-जूनच्या वादळी वाऱ्यात घडांनी लगडलेली बाग आडवी झाली, करपा आला किंवा ऐन कापणीच्या वेळी भाव पडला, तर पुढच्या कांदेबागेची, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या केळी लागवडीची, रोपे, खते आणि मजुरी उभी करायला हेच सोने सावकारापेक्षा स्वस्तात पैसा मिळवून देते. पीक विम्याची रक्कम मिळाली तरी ती गरजेच्या दिवशीच हातात पडेल याची खात्री नसते. ज्या वर्षी बाग जाईल, त्याच वर्षी वडिलांना तुमच्या पगाराचीही गरज लागेल. आणि नेमक्या त्या वर्षी पाटल्या गहाण, ठेव मोडलेली आणि पगार कर्जात अडकलेला, असे तिन्ही आधार एकदम जातील. एका ॲम्पसाठी ही जोखीम घेणे मला मान्य नाही.

अमेरिकेतल्या चुलत भावाकडून जुना पीव्ही ५१५० मागवण्याचा दुसरा पर्याय तुम्ही लिहिला आहे. १९९२ पासूनचा हा ॲम्प आधुनिक मेटलसाठी उत्तमच आहे. पण तिथला नग १२० व्होल्टचा असेल, आणि स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरने दाब उतरला तरी आपली ५० हर्ट्झची वारंवारता तशीच राहते. फक्त ६० हर्ट्झसाठी आखलेला ट्रान्सफॉर्मर तिच्यावर जास्त तापतो. वजन, भाडे, सीमाशुल्क आणि वापरलेल्या वस्तूंच्या आयातीवरचे निर्बंध पाहता हा पर्याय मी सोडूनच देईन.

मी सुचवतो ते असे. मुदत ठेव मोडू नका. ती तुमच्या साधारण सात महिन्यांच्या घरखर्चाएवढी आहे आणि आपत्कालीन निधी म्हणून तिला हात लावू नये. महिन्याला १०,००० रुपयांचे आवर्ती ठेव खाते केवळ ॲम्पसाठी उघडा आणि बँडची मिळकतही त्यातच बाजूला ठेवा. दीड वर्षात व्याज न धरताही दोन लाखांच्या वर रक्कम जमेल, आणि तीच तुमची कमाल मर्यादा समजा. तेवढ्यात कॅबिनेटसह १०० वॅट बसत नसेल, तर ५० वॅटचा २२०४ पाहा. त्याची रचना जवळपास तीच आहे, ईएल ३४ दोनच लागतात आणि आवाजातला फरक फक्त ३ डेसिबलचा आहे, जो थोडासाच जाणवतो, आणि मंचावर मायक्रोफोन लावल्यावर त्याने फारसे बिघडत नाही. कॅबिनेट चार स्पीकरांचेच हवे असेही नाही; दोन स्पीकरांचे चांगले कॅबिनेट घ्या, फक्त त्याचा ओहममधला विद्युत रोध आणि ॲम्पच्या मागचा सिलेक्टर जुळतो की नाही हे पाहा.

कोणताही जुना ट्यूब ॲम्प घेताना बयाणा देण्याआधी तो स्वतंत्र तंत्रज्ञाच्या टेबलावर उघडून पाहायला मिळाला पाहिजे. तुम्ही स्वतः तो उघडू नका, कारण आत ४०० व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये टिकून राहू शकतो. बाहेरून एवढे मात्र पाहता येते: ट्यूबच्या काचेवर आतून चंदेरी लेप असतो, तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली आहे, आणि ॲम्प तापल्यावर काचेतली करडी पत्र्याची प्लेट लाल दिसू लागली, तर लगेच बंद करायला सांगा. मागचा व्होल्टेज सिलेक्टर २३० किंवा २४० वर आहे ना, हे सुरू करण्यापूर्वी बघा, आणि स्पीकर जोडल्याशिवाय ॲम्प चालवू देऊ नका, त्याने आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. पैसे बँकेतूनच द्या आणि पावतीवर अनुक्रमांक व केलेले सर्व बदल लिहून घ्या. विक्रेते तपासणीला तयार नसतील, तर व्यवहार तिथेच थांबवा.

महिन्याच्या १४,००० रुपयांतून आवर्ती ठेव जाऊन उरलेल्या ४,००० रुपयांतून आई-वडिलांचा आरोग्य विमा याच महिन्यात सुरू करा. कंपनीच्या विम्यात फक्त तुमचेच नाव आहे, असे तुम्ही लिहिले आहे. वडिलांना मधुमेह आहे. आधीपासूनच्या आजारासाठी जास्तीत जास्त ३ वर्षांपर्यंत प्रतीक्षा काळ असू शकतो आणि तो पॉलिसी सुरू झाल्यापासूनच मोजला जातो, म्हणून आवर्ती ठेवीचा पहिला हप्ता एखादा महिना पुढे गेला तरी चालेल, पण विम्याचा प्रस्ताव त्याआधी भरा आणि त्यात मधुमेहाचा उल्लेख न चुकता करा.