१६५ सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींसाठी हौशी आणि अनुभवी रायडरांचा शर्यतवर्ग कसा सुरू करावा?

आपल्या क्लबमधील सदस्यांकडे १५०–१६० सीसीच्या रोजच्या वापरातील गाड्या आहेत, आणि नवखे व अनुभवी असे दोघेही उतरू शकतील असा वर्ग सुरू करताना नियमावलीची सुरुवात कुठून करावी, असे आपण विचारले आहे. मी अनेक वर्षे शर्यतींमध्ये गाड्यांच्या तांत्रिक तपासणीचे काम करत आलो आहे, म्हणून त्याच बाजूने उत्तर देतो.

सर्वांत आग्रहाने सांगावेसे वाटते ते हे की, इंजिन लहान ठेवल्याने शर्यत आपोआप स्वस्त होत नाही. १९६०च्या दशकातील जागतिक स्पर्धेत ५० सीसीचा वर्ग सर्वांत लहान होता; तरीही सुझुकीने १९६७ साली त्या ५० सीसीत दोन सिलिंडर आणि १४ गिअर बसवले, तर होंडाने १२५ सीसीच्या वर्गासाठी पाच सिलिंडरांचे इंजिन तयार केले होते. अखेर १९६९पासून ५० सीसीच्या वर्गावर एक सिलिंडर आणि सहा गिअर अशी मर्यादा घालावी लागली. आपल्याकडे एवढ्या टोकाला कोणी जाणार नाही, पण ज्याच्या हाताशी चांगला ट्यूनर आणि पैसा आहे तो पहिल्याच मोसमात पुढे निघून जाईल आणि बाकीचे पुढच्या वर्षी अर्जच भरणार नाहीत. म्हणून नियमावलीचे पहिले वाक्य असे असावे: ज्या बदलाला येथे स्पष्ट परवानगी दिलेली नाही, तो बदल निषिद्ध आहे.

मर्यादा १६५ सीसीची ठेवावी. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेतील नवोदितांचा आणि मुलींचा वर्ग याच मर्यादेत चालवला गेला आहे, त्यामुळे आपल्याकडे तयार झालेल्या रायडरला पुढे जाताना गाडीचा नवा वर्ग शिकावा लागत नाही. शिवाय यात दुरुस्तीला जागा राहते. यामाहा आर१५चा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५८ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ५८.७ मिलिमीटर, म्हणजे १५५ सीसी. सिलिंडर झिजल्यावर बोअर एक मिलिमीटरने वाढवला तरी आकडा साधारण १६०.५ सीसीवर जातो. मर्यादा अगदी १५५ला बांधली, तर जुने इंजिन दुरुस्त करणाराच बाद ठरेल.

अडचण वेगळ्याच ठिकाणी येईल. आर१५ पाण्याने थंड होते आणि तिला सहा गिअर आहेत, तर पल्सर एनएस१६० आणि अपाचे आरटीआर १६० ४व्ही या दोघींना पाचच. या तिन्ही एकाच वर्गात धावणार असतील, तर इंजिनाच्या आतील भाग, कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), ईसीयू (इंजिनाचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण) आणि थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा नियंत्रित करणारा भाग) यांना कोणालाच हात लावू देऊ नये. समतोल साधायचाच असेल, तर तो वजनाने साधावा. वजनही गाडी आणि रायडर मिळून मोजावे. १४० किलोच्या गाडीवर ५५ किलोचा मुलगा बसला की १९५ किलो होतात, ८० किलोचा गृहस्थ बसला की २२०. इतक्या कमी ताकदीच्या इंजिनाला हा फरक सरळ रस्त्यावर स्पष्ट जाणवतो.

तपासणीसाठी हेड आणि क्रँककेसच्या बोल्टांना भोके पाडून तारेचे सील लावावे, आणि प्रत्येक शर्यतीअखेर पहिल्या तीन गाड्यांपैकी एक उघडावी. याच्या जोडीला ठरावीक किमतीत विजेत्याचे इंजिन विकत मागण्याचा हक्क इतर स्पर्धकांना द्यावा. २०१२ साली मोटोजीपी या जागतिक स्पर्धेतही सीआरटी, म्हणजे याच नियमाखाली धावणाऱ्या खासगी संघांचे इंजिन गिअरबॉक्ससह २०,००० युरोंना मागून घेण्याची तरतूद फॅक्टरी (गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांच्या) संघांसाठी होती. असा नियम केवळ लिहिलेला असला, तरी इंजिनावर अवाजवी खर्च करणाऱ्याचा हात आखडतो. टायर एकाच कंपनीचे आणि मोसमातील जोड्या ठरावीक असाव्यात.

आता दोन गटांचा प्रश्न. गाड्या आणि नियम एकच ठेवा, निकाल आणि पारितोषिके वेगळी ठेवा. आपल्याकडे गाड्या कमी असतील, तर दोन्ही गट एकत्र धावतील. तेव्हा फेऱ्यांची संख्या अंदाजाने ठरवू नये. समजा अनुभवी रायडरची फेरी १२० सेकंदांची आहे आणि सर्वांत मंद हौशी रायडरची १३८ सेकंदांची. एकत्र सुटले, तर पुढचा रायडर मागच्याला आठव्या फेरीत गाठतो. हौशी गट ३० सेकंद उशिरा सोडला, तर हीच गाठ सहाव्या फेरीच्या अखेरीस पडते. नवख्याला सर्वाधिक धोका अशा ओव्हरटेकचा असतो, म्हणून पाच फेऱ्यांपुढे जाऊ नये आणि १५ टक्क्यांहून अधिक मागे असलेल्याला शर्यतीऐवजी सरावाच्या सत्रात ठेवावे. वरच्या गटात बढती मात्र स्थानावर न देता वेळेवर द्यावी: अनुभवी गटाच्या मधल्या रायडरच्या वेळेपासून पाच टक्क्यांच्या आत जो सलग दोन शर्यतींत आला, तो पुढच्या शर्यतीपासून वर जाईल. असे केले नाही, तर चषकासाठी हौशी गटात ठाण मांडून बसणारे दोघे-तिघे हमखास निघतात आणि खऱ्या नवख्यांचा उत्साह मारतात.

सुरक्षेबाबत सवलत नको. हेडलाइट, आरसे आणि स्टँड काढलेले, ऑइलचा ड्रेन बोल्ट तारेने बांधलेला, रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी साधे पाणी, कारण ग्लायकॉल सांडले की डांबर निसरडे होते. रायडरला एकसंध लेदर सूट, पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट आणि पाठीचे संरक्षक कवच हवेच.

परवानगी एफएमएससीआय या देशातील मोटारक्रीडा महासंघाची लागते आणि रायडरांना स्पर्धेचा परवाना काढावा लागतो. पहिल्या वर्षी स्वतःची स्वतंत्र शर्यत भरवण्यापेक्षा चेन्नईजवळील इरुंगाट्टुकोट्टई किंवा कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर आधीच होणाऱ्या एखाद्या स्पर्धेत सहायक शर्यत म्हणून जागा मागावी, असे मी सुचवेन. ट्रॅकचे भाडे, मार्शल आणि रुग्णवाहिका यांचा खर्च त्यामुळे वाटून जातो, आणि नियमावलीतील उणिवा थोड्या गाड्यांवरच उघड होऊन पुढच्या मोसमाआधी दुरुस्त करता येतात.