लंडनमध्ये थेम्सवरची केबल कार पहिल्यांदा करताय?

रिटर्न तिकीट अजिबात काढू नका, ट्यूबच्या ज्युबिली लाईनने नॉर्थ ग्रिनिचला उतरा, थोडं चाललं की केबल कार आणि पलीकडे रॉयल डॉक्सला उतरलात की डीएलआर (तिथली हलकी रेल्वे) आहेच ना, मग परत त्याच वाटेने कशाला यायचं. ऑयस्टर (लंडनचं प्रवासाचं कार्ड), कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड दोन्ही चालतं पण हे भाडं डेली कॅपमध्ये, म्हणजे दिवसाच्या भाड्याच्या कमाल मर्यादेत, धरत नाहीत बरं का. साधारण ९० मीटर वर जाते, टॉवरवरून जाताना जरा खडखडते, घाबरायचं नाही. वारा जोरात असला की बंद ठेवतात, आमची एक चक्कर अशीच फुकट गेली, म्हणून निघायच्या आधी चेक करा. आणि शक्यतो संध्याकाळी जा, एकीकडे कॅनरी वॉर्फच्या उंच इमारतींच्या मागे सूर्य, दुसरीकडे थेम्स बॅरिअर (पूर अडवायचे नदीतले दरवाजे), फोटो काचेला मोबाईल टेकवून काढा नाहीतर नुसतं स्वतःचंच तोंड दिसतं.